हिवाळी प्रवास आणि काचेवरची वाफ : जुनी जीपगाडी बाळगणाऱ्यांसाठी



दिवाळी सरली की आपल्या मंडळींच्या लांबच्या प्रवासाचे दिवस सुरू होतात. 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जावयाचे असते. 1 जानेवारीला कोरेगाव भीमा असते. 14 जानेवारी हा विद्यापीठाच्या नामविस्ताराचा दिवस; 1994 सालापासून त्या दिवशी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे आपल्या शहरात येतात. त्यातच लग्नसराई असते. हे सारे प्रवास बहुधा रात्री सुरू होतात किंवा पहाटे संपतात. क्रांती चौकातून एक रस्ता छावणीच्या बाजूने नगर नाक्याकडे व पुढे अहिल्यानगर-पुण्याकडे जातो, दुसरा जालन्याकडे. पहाटेच्या अंधारात या चौकातून माणसे भरून निघणारी जुनी जीप ही आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीची गोष्ट आहे.

गाडी निघते, थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा लावल्या जातात, हूडचे बंद बांधले जातात, आणि शहराची हद्द ओलांडेपर्यंत समोरची काच आतून पांढुरकी झालेली असते. मग चालक तळहाताने काच पुसतो. शेजारी बसलेला माणूस रुमाल काढतो. पुसलेली जागा दोन मिनिटांत पुन्हा धूसर होते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला साधारण 17 मीटर पुढे जाते. काच पुसण्यात तीन सेकंद गेले तर तेवढ्या वेळात गाडीने 50 मीटर रस्ता जवळजवळ न पाहता कापलेला असतो. त्या 50 मीटरांत उसाची ट्रॉली असू शकते, बंद पडलेला ट्रक असू शकतो, पायी चालणारी माणसेही असू शकतात.

म्हणून हा विषय किरकोळ मानू नये. ही वाफ का धरते आणि कमी खर्चात तिचा बंदोबस्त कसा करावा, हे सोप्या भाषेत सांगण्याचा आमचा हेतू आहे.

वाफ येते कोठून?

हवेत नेहमीच थोडे पाणी वाफेच्या रूपाने असते. ते डोळ्यांना दिसत नाही. हवा जितकी उबदार, तितके जास्त पाणी ती सामावून घेऊ शकते. एक घनमीटर हवा 10 अंश सेल्सिअसला सुमारे 9.4 ग्रॅम, 20 अंशांना सुमारे 17.3 ग्रॅम आणि 30 अंशांना सुमारे 30 ग्रॅम पाणी सामावते. यापेक्षा जास्त पाणी झाले की ते थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. हवा थंड होत जाऊन ज्या तापमानाला हे थेंब पडू लागतात, त्याला दवबिंदू म्हणतात. पहाटे गवतावर दव पडते ते याच नियमाने. गाडीतले दव काचेवर पडते, कारण बाहेरच्या गार वाऱ्याने काच थंड झालेली असते.

आता गाडीतल्या पाण्याचा हिशोब करू. शांत बसलेला मोठा माणूस श्वासातून व त्वचेतून तासाला साधारण 40 ते 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. जीपमध्ये आठ माणसे बसली तर तासाला सुमारे 360 ग्रॅम, म्हणजे मिनिटाला 6 ग्रॅम. जीपच्या आतली जागा साधारण 4 घनमीटर धरू. बाहेर 10 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर गाडीत आलेल्या हवेत दर घनमीटरला साडेसात ग्रॅम, म्हणजे एकूण 30 ग्रॅम पाणी असते. समोरची काच 12 अंशांवर असेल, तर तिच्याजवळची हवा दर घनमीटरला पावणेअकरा ग्रॅमच्या आसपास पाणी झेलू शकते, म्हणजे एकूण सुमारे 43 ग्रॅम. तीस ग्रॅम आधीच होते, उरली जागा 13 ग्रॅमची. मिनिटाला 6 ग्रॅम या वेगाने ती दोन-सव्वादोन मिनिटांत भरते. प्रत्यक्षात जुन्या जीपच्या फटींतून हवा थोडी बदलत असते, म्हणून वेळ काहीसा जास्त लागतो. पण काच इतक्या लवकर का धूसर होते, याचे उत्तर या हिशोबात आहे.

काच पुसल्याने काय होते? काचेवरचे एक-दोन ग्रॅम पाणी रुमालात जाते. आठ माणसे तेवढे पाणी काही सेकंदांत पुन्हा हवेत सोडतात. गाडीत सतत पाणी येते आहे आणि त्याला बाहेर जाण्याची वाट नाही, हे खरे दुखणे आहे. म्हणून उपाय दोन दिशांनी करावा लागतो : गाडीत पाणी कमी येऊ द्यावे, आणि आलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट ठेवावी.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग

स्टीलचा एक पातळ पेला घ्यावा. तो बाहेरून कोरडा पुसून त्यात साधे पाणी घालावे व प्रयोगशाळेतला थर्मामीटर सोडावा. मग बर्फाचे छोटे तुकडे एकेक टाकून पाणी ढवळावे. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर पहिल्यांदा पुसटसा ओलावा दिसेल, त्या क्षणीचे तापमान टिपून घ्यावे. तो त्या खोलीतल्या हवेचा दवबिंदू होय. मग दारे-खिडक्या लावून खोलीत दहा जणांनी अर्धा तास बसावे आणि प्रयोग पुन्हा करावा. ओलावा आता आधीपेक्षा जास्त तापमानाला दिसू लागेल. बंद जीपमध्ये हेच घडते. पेल्याच्या जागी तेथे काच असते.

जुन्या जीपगाडीलाच हा त्रास अधिक का?

दुसऱ्या महायुद्धात 1941 पासून विलीज जीप लष्करासाठी मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागली. आपल्याकडे महिंद्रा कंपनीने 1947 साली याच विलीज जीपपासून या व्यवसायाला सुरुवात केली. पुढे 1985 च्या सुमारास डिझेल इंजिनाची एमएम 540 आली, त्याच दशकात मारुतीची जिप्सी आली, नंतर कमांडर, आर्माडा आणि 2000 साली बोलेरो आली. यांतील काही गाड्या चारही चाकांना ओढ देणाऱ्या, म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्हच्या मिळत. गावोगावच्या कच्च्या वाटांवर त्यांनी मोठे काम केले, आणि आजही अनेक घरांत त्या चालू स्थितीत आहेत.

मूळ जीप उघडी होती. उघड्या गाडीत काचेवर आतून वाफ धरण्याचा प्रश्नच नव्हता, कारण आत आणि बाहेर हवा एकच. पुढे गरजेप्रमाणे तिच्यावर कॅनव्हासचे हूड चढले, दारे आली, सरकत्या काचा आल्या, काहींवर पत्र्याचे छत बसले. माणसे आत बंदिस्त झाली. पण ओली हवा बाहेर काढणारा आणि काच गरम ठेवणारा हीटर अनेक गाड्यांत बसविलाच गेला नाही. ज्यांत होता त्यांत तो वर्षानुवर्षे न वापरल्याने जाम झाला.

दुसरे कारण फोर-व्हील-ड्राइव्हच्या रचनेत आहे. या गाडीत गिअरच्या दांडीशेजारी ट्रान्स्फर गिअरची आणखी एक दांडी असते. प्रत्येक दांडीसाठी तळाच्या पत्र्याला भोक असते आणि त्यावर रबरी बूट बसविलेला असतो. हे बूट वीस-पंचवीस वर्षांत कडक होऊन फाटतात. मग ओढ्याच्या पाण्यातून किंवा चिखलातून गाडी काढली की पाणी या भोकांतून आत उडते. ते तळाच्या मॅटिंगखाली साचते. वरून मॅटिंग कोरडे दिसते, पण त्याखालचा नमदा किंवा फोम ओला राहतो. पावसाळ्यात मुरलेले हे पाणी हिवाळ्यात इंजिनाच्या उष्णतेने हळूहळू वर येते व काचेवर बसते. गाडीत एकटा चालक असूनही काच धूसर होत असेल, तर आधी मॅटिंग उचलून पाहावे.

पाणी शोधावे असे

दसरा-दिवाळीच्या मधल्या कडक उन्हाचा येथे उपयोग करून घ्यावा. ऑक्टोबरच्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी गाडीतले सर्व मॅटिंग, आसने व नमदे बाहेर काढून दिवसभर उन्हात टाकावेत. गाडीची दारे उघडी ठेवून तळाचा पत्रा वाळू द्यावा. गंजलेले पत्रे, उघडी भोके व फाटलेले बूट याच वेळी दिसतात. बूट बदलण्याचा खर्च फार नसतो. पत्रा गळत असेल तर तेवढे डेंटिंगचे काम करून घ्यावे.

त्यानंतर पाण्याची चाचणी घ्यावी. एकाने गाडीत बसावे, हातात बॅटरी घ्यावी. दुसऱ्याने बाहेरून समोरच्या काचेच्या कडेने, दारांच्या कडेने व बॉनेटच्या मागच्या जाळीवर बारीक धारेने पाणी सोडावे. घाई करू नये. एकेका जागेला दोन-तीन मिनिटे द्यावीत. समोरच्या काचेचे रबर जुने झाले की कोपऱ्यांतून पाणी डॅशबोर्डच्या मागे उतरते व चालकाच्या पायाशी साठते. पत्र्याच्या बॉडीच्या गाड्यांत बॉनेटमागच्या जाळीखाली पाणी निघून जाण्यासाठी वाट असते. तिच्यात कडुनिंबाचा पाला, पिंपळाची पाने व धूळ साठून ती तुंबते. तारेने व पाण्याने ती मोकळी करावी.

ज्या गाडीत हीटर आहे तिच्यात आणखी एक गोष्ट तपासावी. हीटरमध्ये रेडिएटरसारखी एक लहान जाळी असते व तिच्यातून इंजिनाचे गरम पाणी फिरते. ती गळू लागली की काचेवर आतून चिकट, तेलकट थर बसतो, गाडीत गोडसर वास येतो आणि रेडिएटरमधले पाणी वरचेवर कमी होते. ही वाफ कितीही पुसली तरी जात नाही. अशा वेळी लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी गळती बंद करून घेणे आवश्यक आहे. रेडिएटर कोरडा पडला तर इंजिनच जाते.

थर्मोस्टॅट काढून टाकू नये

आपल्याकडे एक प्रथा आहे. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. थर्मोस्टॅट ही पाण्याच्या वाटेवरची झडप असते. इंजिन गार असेपर्यंत ती बंद राहते आणि पाणी 80 ते 85 अंशांच्या आसपास गेले की उघडते. ती काढून टाकली की थंडीच्या पहाटे पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरू लागते. इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल जास्त जळते, आणि हीटर चालू केला तरी त्यातून कोमट हवाच येते. हीटर बिघडला आहे असे समजून नवीन हीटरचा खर्च करण्याआधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हे पाहावे. उन्हाळ्यात इंजिन तापत असेल तर त्याचे कारण रेडिएटरमधील गाळ, ढिला पट्टा किंवा पाण्याचा पंप यांत शोधावे.

काच आतून स्वच्छ हवी

बाहेरची काच सगळेच धुतात, आतली कोणी धूत नाही. धूळ, बिडी-सिगारेटचा धूर, डॅशबोर्डच्या रेक्झिनमधून सुटणारा सूक्ष्म अंश आणि पुसणाऱ्या हातांचे तेल यांचा थर आतल्या बाजूवर चढतो. अशा काचेवर पाण्याचे हजारो बारीक थेंब वेगवेगळे उभे राहतात. समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश त्या प्रत्येक थेंबात फुटतो आणि सारी काच पांढरी दिसते. निर्मळ काचेवर तेच पाणी पातळ पसरते व आरपार बरेच दिसते.

म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी काच आतून साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावी, मग साध्या पाण्याने दोनदा पुसावी, आणि शेवटी कोरड्या सुती कापडाने किंवा वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदाने चकचकीत करावी. तळहाताने काच कधी पुसू नये. हाताचे तेल काचेला लागते व पुढची वाफ तेथेच आधी धरते. एक धुतलेले सुती फडके चालकाच्या हाताशी ठेवावे व ते दुसऱ्या कामाला वापरू नये.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील शंभराव्या नियमाप्रमाणे समोरच्या व मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. वाफेने पांढरी झालेली काच घेऊन आपण निघतो तेव्हा या नियमामागचा हेतूच मोडतो.

चालत्या गाडीत काय करावे?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाहेर थंडी आहे, दव पडते आहे, कदाचित धुकेही आहे; मग बाहेरची ओली हवा आत घेतली तर वाफ वाढणार नाही का, असे अनेकजण विचारतात. उत्तर वर दिलेल्या आकड्यांतच आहे. 10 अंशांची धुक्यातली हवा पूर्ण भरलेली असली तरी तिच्यात दर घनमीटरला 9.4 ग्रॅमच पाणी असते. ती गाडीत येऊन 20 अंशांपर्यंत उबदार झाली की 17.3 ग्रॅम सामावू शकते, म्हणजे ती निम्म्याहून थोडीच भरलेली असते. उरलेल्या जागेत ती प्रवाशांचा ओलावा उचलते व बाहेर घेऊन जाते. हिवाळ्यातली बाहेरची हवा अंगाला गार लागते, पण गाडीतल्या कोंडलेल्या हवेपेक्षा ती कोरडी असते.

हीटर असलेल्या गाडीत ब्लोअर चालू करून हवेचा मार्ग काचेकडे वळवावा, आतलीच हवा फिरविणारे बटण बंद करून बाहेरची हवा घेणारा मार्ग उघडावा, आणि इंजिन तापल्यावर गरमपणा वाढवावा. एअर कंडिशनर असेल तर तो हीटरबरोबर चालू करावा. एअर कंडिशनरमधून जाताना हवेतील पाणी गळून पडते आणि हीटर तीच हवा पुन्हा गरम करतो. या दोघांची जोडी काच सर्वांत लवकर मोकळी करते.

हीटर नसलेल्या जीपमध्ये पुढच्या दोन्ही बाजूंच्या काचा दोन-दोन बोटे उघड्या ठेवाव्यात. सरकत्या काचांचेही तेच. बॉनेटमागे हवेची झडप असेल तर ती उघडावी. आठ माणसांचा ओलावा बाहेर काढण्यासाठी मिनिटाला सुमारे दोन घनमीटर हवा बदलावी लागते. चालत्या गाडीत दोन बाजूंच्या एवढ्या फटींतून ती बदलू शकते. एकच काच पूर्ण उघडण्यापेक्षा दोन्ही बाजूंना थोडी फट ठेवणे चांगले. एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूने जाते. ट्रकच्या सामानाच्या दुकानात मिळणारा 12 व्होल्टचा छोटा पंखा डॅशबोर्डवर काचेकडे तोंड करून बसविला तर फटीतून आलेली हवा काचेवर खेळत राहते. पंखा एकटा पाणी बाहेर काढत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे, फट हवीच.

सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचे विजेचे छोटे हीटर बाजारात मिळतात. त्यांची ताकद बहुधा 150 वॅटच्या आसपास असते. गाडीचा मूळ हीटर इंजिनाच्या पाण्यातून काही हजार वॅट उष्णता देतो. या तुलनेत विजेच्या हीटरचा उपयोग नगण्य आहे, आणि जुन्या वायरिंगवर 12 अँपिअरचा भार टाकणे धोक्याचे आहे.

वाफ आतून आहे की बाहेरून, हे पाहण्याची खूण सोपी आहे : वायपर एकदा फिरवावा. काच साफ झाली तर वाफ बाहेरची. नाशिकमार्गे मुंबईला जाताना इगतपुरीच्या थंड पठारावरून कसारा घाट उतरला की खालची हवा तुलनेने उबदार व दमट लागते. पठारावर गार झालेल्या काचेवर तेव्हा बाहेरून वाफ धरण्याची शक्यता असते. अशा वेळी वायपर चालवावा आणि एअर कंडिशनरची थंड हवा काचेवर सोडू नये. पुण्याच्या वाटेवर वाळूज मागे टाकून कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडताना नाथसागराच्या फुगवट्यामुळे हवेत ओलावा अधिक असतो. तेथे पोहोचण्याआधीच फटी उघड्या आहेत ना, हे पाहावे. प्रत्यक्ष धुके लागले तर दिवे डिपरवर ठेवावेत आणि वेग कमी करावा.

घरगुती उपायांची खरी किंमत

साबणाचा किंवा दाढीच्या फेसाचा पातळ हात आतल्या काचेवर फिरवून कोरड्या फडक्याने पुसला तर काही तास उपयोग होतो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो व थेंब उभे न राहता पसरतात. मात्र थर जाड राहिला तर रात्री समोरच्या दिव्यांनी काच झगमगते. म्हणून आधी दिवसा, नंतर रात्री थोड्या अंतरावर तपासून मगच हा उपाय वापरावा. काही चालक काचेला तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळतात. त्याचा परिणामही थोडा वेळ टिकणाऱ्या पातळ थराचाच असतो, आणि वाळल्यावर काचेवर डाग उरतात.

कापडी पिशवीत खडे मीठ किंवा सिलिका जेल ठेवण्याचा उपायही सांगितला जातो. मीठ हवेतील आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली तरच पाणी ओढू लागते. सिलिका जेल फार तर आपल्या वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास पाणी घेते. म्हणजे एका माणसाचा तासाभराचा ओलावा शोषण्यासाठी सुमारे दीडशे ग्रॅम जेल लागेल. रात्रभर उभ्या असलेल्या बंद गाडीत या पिशव्या उपयोगी पडतात, माणसांनी भरलेल्या गाडीत त्यांच्यावर विसंबू नये.

हे मात्र कदापि करू नये

पहिली गोष्ट, थंडी घालविण्यासाठी किंवा काच सुकविण्यासाठी बंद गाडीत शेगडी, निखारे किंवा गॅसची चूल पेटवू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतच माणूस दगावतो. गॅस जळताना पाण्याची वाफही तयार होते, म्हणजे काच अधिकच धूसर होते.

दुसरी, बंद शेडमध्ये किंवा गॅरेजचे दार लावून इंजिन तापवीत बसू नये. कारण तेच.

तिसरी गोष्ट हूडच्या जीपविषयी. पुढच्या काचा बंद ठेवून फक्त मागचा पडदा उघडा ठेवू नये. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो व सायलेन्सरचा धूर मागच्या पडद्यातून आत ओढला जातो. मागे बसलेल्या माणसांचे डोके दुखू लागले, मळमळ होऊ लागली तर थंडीमुळे असेल असे मानू नये. गाडी थांबवून सर्वांना मोकळ्या हवेत उतरवावे. मागचा पडदा बांधलेला आणि पुढच्या बाजूला फट, ही योग्य रीत. प्रवासापूर्वी सायलेन्सर व मॅनिफोल्डची गळती तपासून घ्यावी.

चौथी, गार काचेवर उकळते पाणी ओतू नये. काच तडकते.

प्रवाशांचा सहभाग

एवढे सारे ठाऊक असूनही काच धूसर राहते, याचे एक कारण गाडीच्या बाहेर, आपल्या वागण्यात आहे. चालक काच दोन बोटे उघडतो. मागून कोणी म्हणते, लहान लेकरू आहे, वारा लागतो. आजी कान झाकून घेतात. चालक बहुधा वयाने लहान असतो किंवा भाड्याने बोलावलेला असतो. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडणे त्याला बरे वाटत नाही. तो काच लावून घेतो व पुढचे दोन तास रुमालाने पुसत गाडी हाकतो.

ही अडचण निघण्यापूर्वीच सोडविता येते. गाडी सुटण्याआधी प्रवासाच्या प्रमुखाने सर्वांना स्पष्ट सांगावे की काचांचा निर्णय चालकाचा राहील. लहान मुले व वृद्ध यांना फटींपासून दूर, मधल्या जागी बसवावे. प्रत्येकाने शाल, कानटोपी, पायमोजे बरोबर घ्यावेत. थंडीवर उपाय अंगावरचे कपडे हा आहे, काच बंद करणे हा नाही. ओले टॉवेल, ओले कपडे, पाण्याच्या उघड्या कळशा गाडीत ठेवू नयेत. गाडीच्या नोंदणीपुस्तकात जेवढी आसने लिहिली आहेत तेवढीच माणसे बसवावीत. आठांच्या जागी चौदा बसली की ओलावाही त्याच प्रमाणात वाढतो आणि चालकाचा कोपर हलायलाही जागा उरत नाही.

चालकाशेजारी बसणाऱ्याने झोपू नये. त्याने रस्त्यावर लक्ष ठेवावे आणि चालकाला काच पुसावी लागत असेल तर त्यालाच गाडी बाजूला घेण्यास सुचवावे. दहा मिनिटे थांबून सर्व दारे उघडावीत, चहा घ्यावा, फडक्याने काच कोरडी करावी व मग निघावे. चैत्यभूमीवर दहा मिनिटे उशिरा पोहोचल्याने काही बिघडत नाही.

थोडक्यात वेळापत्रक

ऑक्टोबरमध्ये मॅटिंग व आसने उन्हात वाळवावीत, गळती शोधावी, रबरी बूट व काचेचे रबर पाहावे. नोव्हेंबरमध्ये थर्मोस्टॅट, हीटर, ब्लोअर, वायपरची पाती व सायलेन्सर तपासावेत. प्रवासाच्या आदल्या दिवशी काच आतून धुवावी व कोरडे फडके ठेवावे. निघताना पाच मिनिटे दारे उघडी ठेवून आतली हवा बदलावी, फटी ठेवाव्यात, आणि काचांचा अधिकार चालकाकडे द्यावा.

यातील बहुतेक कामांना पैशापेक्षा वेळच अधिक लागतो. विद्यार्थ्यांनी दवबिंदूचा प्रयोग करून पाहावा आणि घरातल्या चालकाला त्याचा अर्थ समजावून सांगावा. सर्व सभासदांचा हिवाळी प्रवास सुखरूप होवो, ही सदिच्छा.